काकुंगूचं तोंड आणि राजाची उसनवारी

८ जून २०२२. काँगोची राजधानी किन्शासा. राष्ट्रीय संग्रहालयात बेल्जियमचा राजा फिलिप उभा आहे. शेजारी काँगोचे अध्यक्ष फेलिक्स चिसेकेदी. भोवती कॅमेरे. आणि मध्ये एक लाकडाचं प्रचंड तोंड. गाल टम्म फुगलेले, हनुवटी पुढं आलेली, खाली झावळीच्या तंतूंची दाट झालर.

हे तोंड काकुंगूचं. सुकू लोकांचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जहाल मुखवटा. १९५०च्या दशकात, बेल्जियमची सत्ता चालू असताना, तो ब्रुसेल्सजवळच्या तेर्वुरेनच्या संग्रहालयात गेला आणि तिथंच राहिला. त्या दिवशी राजानं तो काँगोच्या हवाली केला. पण देताना 'परत केला' असा शब्द नाही वापरला. 'बेमुदत उसना' दिला.

मित्रांनो, उसना हा शब्द जरा जिभेवर ठेवून बघा. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणतात. देते ती मालकीण, घेते ती देणेकरीण. 'बेमुदत' म्हटलं तरी मालक बदलत नाही. म्हंजे सुकूंच्या सुतारानं कोरलेला, सुकूंच्या पोरांसाठी नाचलेला मुखवटा काँगोत आला तो पाहुणा म्हणून, आणि कागदावर घर त्याचं युरोपात.

हा मुखवटा काय चीज आहे, तो तिकडं कसा गेला, आणि परत येतो म्हणजे नेमकं काय परत येतं, हे समजून घ्यायला पाहिजे. नुस्ता फोटो बघून 'आफ्रिकन कला' म्हणून पान उलटायचं काम दुसरे करतात. आपण ते करू नये.

०

सुकू राहतात काँगोच्या नैर्ऋत्य भागात, अंगोलाच्या सरहद्दीच्या वर, क्वांगोच्या पठारावर. फेशी हे त्या बाजूचं गाव. जमीन वाळूची, गवताळ, फार पिकाची नाही. नदीकाठी झाडी. पश्चिमेला याका लोक, आणि त्यांचे-यांचे मुखवटे, रीतीभाती चुलतभावासारख्या. जुन्या काळी लुंडा सरदारांनी क्वांगो नदीचं खोरं जिंकलं, तिथं याकांचं राज्य उभं राहिलं, आणि सुकूंचा राजा पूर्वेकडं सरकला. त्याची पदवी मेनी काँगो. म्हणजे ह्या लोकांना इतिहास नव्हता, राज्य नव्हतं, गोऱ्यानं येऊन दिवा लावला, असलं काय बी नाही.

सुकूंत कूळ चालतं आईकडून. पोर वाढतं बहुधा बापाच्या गावात, पण ते असतं आईच्या कुळाचं. कुळाचा कारभार मामाकडं, मामाच्या मामाकडं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस इगोर कोपितॉफ नावाचा मानवशास्त्राचा अभ्यासक सुकूंत जाऊन राहिला. त्यानं एक गोष्ट टिपली आणि १९७१ साली छापली. युरोपातले पंडित म्हणत होते, आफ्रिकेतले लोक पूर्वजांची पूजा करतात. कोपितॉफ म्हणाला, सुकूंच्या भाषेत 'पूर्वज' असा वेगळा शब्दच नाही. शब्द आहे 'बंबुता'. अर्थ, वडीलधारी माणसं. जिवंत असो की मेलेली, शब्द एकच. शिकार मिळेना, पोर आजारी पडलं, की घरातलं मोठं माणूस मेलेल्या थोरल्याच्या कबरीपाशी जातं आणि साध्या बोलीत बोलतं. मंत्र नाही, पोथी नाही. गाऱ्हाणं सांगतं, खायला ठेवतं, आमच्याकडं लक्ष का नाही म्हणून विचारतं. जसं घरातल्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं. मधे दलाल कोणी नाही.

हे ध्यानात ठेवा. मुखवट्यांचा अर्थ ह्या 'बंबुता'शी बांधलेला आहे.

०

पोरगं वयात आलं की त्याची मुकांदा. म्हणजे सुंतेची छावणी. गावाबाहेर झाडीत कुडं घालून पोरांना ठेवायचं. तिथं बायकांना, लहान लेकरांना मज्जाव. जुन्या काळी महिनोन्महिने, कधी वर्ष उलटेपर्यंत पोरं तिथं राहत. जखम भरायची, भूक सोसायची, गाणी शिकायची, नाच शिकायचा, शिकार शिकायची. बाहेर पडायचं ते नवं नाव घेऊन. आत गेला तो पोऱ्या, बाहेर आला तो गडी.

बाहेर पडायच्या सोहळ्यात मुखवटे नाचत. सुकूंच्या ह्या मुखवट्याचं नाव हेम्बा. (देशाच्या पूर्व भागात हेम्बा नावाचे लोक आहेत, त्यांचा ह्याच्याशी संबंध नाही.) हलक्या, मऊ लाकडाचा एकच ओंडका. तो आतून कोरून पोकळ करायचा, घंटेसारखा, म्हणजे अख्खं डोकं आत जातं. पुढून तोंड कोरायचं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ किंचित उघडे, दात दिसतात. वर केसांची ठेवण, तीही लाकडातच. त्याच्यावर माथ्याला एखादा पक्षी, एखादं जनावर, नाहीतर माणसाची आकृती. तोंडाला पांढरी माती फासायची. त्या मुलखात पांढरा रंग मेलेल्यांच्या जगाचा. हेम्बा म्हणजे कुळातल्या गेलेल्या थोरल्यांचं तोंड, असं सांगतात. म्हणजे पोरगा गडी होऊन बाहेर येतो तेव्हा जिवंत वडीलधारी तर असतातच, मेलेलीही नाचत येतात. अख्खं कूळ हजर.

मी दिवसभर सुतात असतो. म्हणून ह्या मुखवट्यांचे फोटो बघताना माझी नजर पहिल्यांदा लाकडावर गेली नाही, खालच्या झालरीवर गेली. तो राफिया. राफिया ताडाच्या पानाचा पापुद्रा सोलून त्याचे दोरे काढतात. तो कापसासारखा कातत नाहीत. म्हणून राफियाचं कापड विणलं तर ते पानाच्या लांबीएवढंच होतं, मोठं हवं तर तुकडे शिवायचे. मुखवट्याखाली ह्याच तंतूंची दाट झालर सोडायची. तिनं नाचणाऱ्याची मान, खांदे झाकले जातात, आणि तो पाय आपटून वळला की सगळी झालर त्याच्याबरोबर वळते. लाकूड हलत नाही, राफिया हलतो. मुखवट्यातला जीव निम्मा त्या झालरीत.

आणि युरोपातल्या, अमेरिकेतल्या संग्रहालयांतले मुखवटे बघा. कितीतरी मुखवट्यांची झालर गळालेली, नाहीतर कापलेली. नुस्तं लाकडी डोकं खांबावर. त्यांना पाहिजे होतं शिल्प. नाचणारा, ढोल, गाणं, धूळ, घाम, बघणारी माणसं, ह्यातलं काही पेटीत मावत नव्हतं. जे मावलं ते नेलं.

०

काकुंगूची गोष्ट हेम्बापेक्षा वेगळी. हेम्बा सोहळ्यात नाचणारा. काकुंगू दरारा बसवणारा. आकारानं सगळ्यात मोठा, अंगावर लाल-पांढरा रंग, गाल फुगवलेले, नाकडोळे अवाढव्य. त्याला ठेवायला वेगळी लहान झोपडी. तो कुणीही घालायचा नाही. सुंतेच्या छावणीची राखण करणारा जाणता माणूस, आपल्याकडचा भगत म्हणा हवं तर, तोच त्याचा धनी. काकुंगू रोज दिसायचा नाही. पोरांच्या सुंतेच्या दिवशी आणि छावणी सोडायच्या वेळी तो यायचा. काम दोन. पोरांच्या मनात थोरल्यांचा धाक बसवायचा. आणि पोरांचं वाईट चिंतणारा कोणी असेल तर त्याला दूर ठेवायचं. शिवाय नपुंसकपणावर, मूल होत नसेल तर त्यावरही त्याची शक्ती चालते अशी समजूत. काझेबा नावाचा दुसरा मुखवटा हा त्याची मादी जोड.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, अरे हे तर सगळं अंगारे-धुपारे! आपण देवऋषी, अंगात येणं, करणी ह्यांच्या विरुद्ध बोलायचं, आणि आफ्रिकेतलं तेच आलं की गळा काढायचा?

प्रश्न बरोबर आहे. त्याला बगल देऊ नका. काकुंगू भीतीचं हत्यार होता. कोवळ्या पोरांना जखमी करून वर भेसूर तोंड दाखवायचं आणि म्हातारे सांगतील ते ऐकायला लावायचं, हे त्यात आहेच. बायकांना छावणीच्या जवळ येऊ द्यायचं नाही, आणि कूळ मात्र आईचं, हा उलटा न्यायही त्यातच. सुकू समाजात गुलामही होते. एका कुळानं दुसऱ्या कुळातला माणूस मारला तर भरपाईत जिता माणूस देऊन टाकायचा, तो त्या कुळाचा होऊन जायचा. ज्याला दिला त्याला कुणी विचारलं नसणार. तेव्हा सुकूंचं गाव म्हणजे स्वर्ग होता आणि गोऱ्यानं तो नासवला, असली भाबडी पोथी मी वाचणार नाही. तुम्हीही वाचू नका.

पण माझा मुद्दा दुसराच आहे. आपला मुखवटा ठेवायचा की जाळायचा, हे ठरवायचा हक्क कुणाचा? ज्याच्या डोक्यावर तो होता त्याचा, ज्या पोरांना त्यानं भेडसावलं त्या पोरांचा, ज्या बाईला दूर ठेवलं त्या बाईचा. बंदूकवाल्याचा नाही, पाद्र्याचा नाही, आणि तिकीट लावून दाखवणाऱ्याचा तर मुळीच नाही.

०

बंदूकवाला कसा आला ते थोडक्यात सांगतो.

१८८५ साली बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड अख्ख्या काँगोचा एकटा मालक झाला. देश बेल्जियमचा नव्हे, त्याचा स्वतःचा. रबर आणा, हस्तिदंत आणा, नाही आणलं तर चाबूक, ओलीस, गोळी. चाबूक पाणघोड्याच्या कातड्याचा. १८९७ साली ह्या लिओपोल्डनं तेर्वुरेनला प्रदर्शन भरवलं. काँगोतून वस्तू आणल्या, आणि २६७ माणसंही आणली. बागेत झोपड्या बांधून लोकांना बघायला ठेवली. त्यातली सात माणसं तिथंच मेली. त्याच प्रदर्शनातून तेर्वुरेनचं संग्रहालय उभं राहिलं. काकुंगू जिथं गेला ते हेच घर. त्याच्या पायात ही सात माणसं आहेत.

१९०८ साली काँगो राजाच्या खिशातून काढून बेल्जियम सरकारच्या खिशात गेला. मालक बदलला, वेठ राहिली. डोईपट्टी रोख पैशात भरायची. पैसा आणायचा कुठून? तर कंपनीच्या कामावर जायचं. क्विलू नदीकाठी लुसांगाला लिव्हर कंपनीचं पामतेलाचं केंद्र उभं राहिलं, त्याला नावही मालकाचं, लिव्हरव्हिल. तेल साबणासाठी. सनलाइटची वडी आपल्याही मुलखात घरोघर गेलेली आहे. ती वडी बनवणाऱ्या कंपनीसाठी पामची झाडं चढून फळांचे घड उतरवणारा माणूस क्वांगो-क्विलूचा होता, हे आपल्या बापजाद्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

१९३१ साली फळांचा भाव पडला, पट्टी मात्र पडली नाही. सुकूंचे पूर्वेकडचे शेजारी पेंदे उठले. मॅक्सिमिलियाँ बालो नावाचा सरकारी अंमलदार मारला गेला. उत्तरादाखल सैन्य आलं, पाचशेंहून जास्त पेंदे मारले. त्या बालोची लाकडी आकृती पेंदे कारागिरानं कोरली. ती पुढं अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या संग्रहालयात पोचली. २०२४ साली ती लुसांगाला आली, पामच्या मळ्यातल्या मजुरांच्या कलासंघानं मागितली म्हणून. आली तीही काही महिन्यांपुरती, उसनी.

मिशनरी आले ते ह्याच वाटेनं. क्वांगोत जेजुइटांचं मिशन १८९३ पासून. मुकांदा म्हणजे रानटीपणा, मुखवटा म्हणजे सैतान. एक गोरा मुखवट्याला सैतान म्हणून जाळायला निघाला, आणि दुसरा गोरा त्यालाच कला म्हणून पेटीत घालायला निघाला. ज्याचा मुखवटा होता त्याला दोघांनीही विचारलं नाही. कुणी म्हणेल, संग्रहालयाच्या माणसांनी पुष्कळ वस्तू रोख पैसे देऊन विकत घेतल्या. घेतल्या असतील. पण ज्या राज्यात सुकूच्या जमिनीचा, रबराचा, अंगमेहनतीचा भाव सुकू ठरवत नव्हता, तिथं मुखवट्याचा भाव मात्र दोघांनी बरोबरीनं मांडी घालून ठरवला, असं मानायला आपण दूधखुळे नाही. डोईपट्टी भरायला ज्याला पैसा हवा आहे त्याची विक्री ही राजीखुशी नसते.

०

कोपितॉफनं १९८६ साली आणखी एक निबंध लिहिला. म्हणाला, माणसाचं चरित्र असतं तसं वस्तूचंही असतं. दाखला सुकूंच्या झोपडीचा दिला. सुकू झोपडीचं आयुष्य साधारण दहा वर्षं. नवी असते तेव्हा तिच्यात नवराबायको राहतात, नाहीतर बायको आणि तिची लेकरं. जुनी होत गेली की ती पाहुण्यांची, विधवेची. मग तरुण पोरांच्या अड्ड्याची. मग स्वयंपाकाची. शेवटी शेळ्या-कोंबड्यांची. आणि मग एक दिवस वाळवी जिंकते, झोपडी बसते. हे चरित्र पुरं झालं. झोपडी पडली म्हणून कुणी रडत नाही, दुसरी बांधतात. ह्याच निबंधात तो गुलामाचा दाखला देतो. माणसाला वस्तू करून विकतात, मग दुसऱ्या घरात हळूहळू तो परत माणूस होऊ लागतो. म्हणजे वस्तू आणि माणूस ह्यांच्यातली भिंत कुणीतरी उभी केलेली असते, आणि ती हलवता येते.

मुखवट्यालाही हे लावून बघा. ओंडका, मग सुताराचा वाकस, मग रंग, मग झालर, मग नाच, मग झोपडीतला अंधार, मग वाळवी. मुखवट्यानं कधी मरायचं हे त्या गावाला ठाऊक होतं. संग्रहालयानं त्याला मरू दिलं नाही आणि जगूही दिलं नाही. किडीचं औषध मारलं, नंबर घातला, काचेत उभा केला. आणि खाली पाटी. 'सुकू. लाकूड, राफिया, रंग.' देणाऱ्याचं, गोळा करणाऱ्याचं नाव पुष्कळदा असतं. कोरणाऱ्याचं नाव बहुतेक पाट्यांवर नसतं. जणू झाडालाच मुखवटे लागतात!

ज्यानं वाकस चालवला त्याचं नाव लिहायला एक ओळ पुरली असती. विचारायला मात्र खाली बसावं लागतं.

०

३० जून १९६० ला काँगो स्वतंत्र झाला. सत्ता गेली, वस्तू तेर्वुरेनलाच राहिल्या. १७ जानेवारी १९६१ ला पहिले पंतप्रधान पात्रिस लुमुंबा मारले गेले. त्यांचं प्रेत विरघळवून टाकलं गेलं, त्यातला एक दात एका बेल्जियन पोलिसानं जवळ ठेवला. तो दात कुटुंबाला मिळाला २० जून २०२२ ला. मुखवट्याच्या उसनवारीनंतर बारा दिवसांनी. सांगायचं कारण, संग्रह करायची खोड कुठवर जाते ते कळावं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये मोबुतूनं संयुक्त राष्ट्रांत उभं राहून आमच्या वस्तू परत द्या म्हणून मागणी केली. मोबुतू स्वतः आपल्या देशाला लुटणारा हुकूमशहा. पण ती मागणी खरी होती. त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी तसा ठरावही केला. मग १९७६ ते १९८२ ह्या काळात बेल्जियमनं शंभरावर वस्तू पाठवल्या. त्यावेळचा शब्द होता 'भेट'. पुढं मोबुतूची सत्ता कोसळत असताना किन्शासाचा संग्रह लुटला गेला, काही वस्तू बाजारात निघाल्या. तेव्हापासून युरोपाला बोट दाखवायला आयतं कारण मिळालं की, बघा, ह्यांना सांभाळता येत नाही. लुटलेल्या वस्तू विकत घेणारे गिऱ्हाईक कुठले होते, ते मात्र कुणी विचारत नाही.

१९७६ ला 'भेट', २०२२ ला 'उसना'. 'परत' हा शब्द दोन्ही वेळा गिळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेल्जियमनं काँगोला तेर्वुरेनमधल्या सुमारे ८४,००० वस्तूंची यादी दिली. राजानं काकुंगू दिला त्याच दिवशी किन्शासात भाषण केलं, गतकाळाबद्दल तीव्र खेद व्यक्त केला, पण माफी मागितली नाही. काही आठवड्यांनी, जुलै २०२२ मध्ये बेल्जियमचा कायदा झाला की वसाहतीतून आणलेल्या सरकारी वस्तू परत देता येतील. ही पुढची पायरी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण त्यातही मानवी अवशेष आणि कागदपत्रं बाहेर ठेवली. आणि देवाणघेवाण सरकार ते सरकार. म्हणजे ब्रुसेल्स आणि किन्शासा बोलणार. क्वांगोच्या पठारावरचा सुकू, राजधानीपासून शेकडो किलोमीटरवर, त्याला ह्या कायद्यात खुर्ची नाही.

म्हणून मी म्हणतो, काकुंगू किन्शासात आला हे चांगलं झालं, पण अजून तो घरी पोचला नाही. घरी पोचेल तेव्हा तो नाचवावा असं माझं म्हणणं नाही. सुकूंच्या पोरापोरींनी त्याच्याकडं बघून ठरवावं. ठेवा म्हणाले तर ठेवावा. वाळवीला द्या म्हणाले तर द्यावा. भीतीचं हत्यार होतं, आता शाळेत इतिहास शिकवायला वापरू म्हणाले तर तसं. ठरवणं त्यांचं, एवढंच.

आणि आपलं काम? पुढच्या वेळी कुठल्याही संग्रहालयात गेलात, मुंबईच्या, पुण्याच्या, कुठल्याही, तर वस्तू बघून पुढं जाऊ नका. वाकून पाटी वाचा. कुणाचं नाव लिहिलंय, कुणाचं गाळलंय ते बघा. मग क्रियापद बघा. 'मिळाला', 'सापडला', 'भेट', 'उसना'. वहीत उतरवून घ्या. चार पोरांनी चार पाट्या उतरवल्या की पुढच्या अंकाचं पान तयार.

सुकू माणूस कबरीपाशी बसून मेलेल्या थोरल्याला साध्या बोलीत जाब विचारतो, आम्ही उपाशी, तुझं लक्ष कुठंय? मेलेल्याला विचारायला तो भीत नाही. जित्या राजाला विचारायला कुणी का भ्यावं?